मदत हवी आहे : गावातल्या सहा चित्रकार मुलांसाठी मार्गदर्शक, आणि मंडईत (गावच्या जत्रेत) प्रदर्शन

नमस्कार. मी नागभीड तालुक्यातल्या (जि. चंद्रपूर) एका गावात वाचनालय चालवतो. रोज संध्याकाळी सहा मुलं तिथे चित्रं काढत बसतात, वयं 13 ते 17.

त्यातली एक नववीतली मुलगी. झाडीपट्टीच्या (आमच्या पूर्व विदर्भातल्या) नाटकांचा हंगाम संपला की भिंतीवरची पोस्टरं अलगद सोडवून आणते आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं काढते. गेल्या पावसाळ्यात तिनं रोवणी, म्हणजे भाताची लावणी, काढली. बांधीत वाकलेल्या सात बाया, एकीचाही चेहरा दिसत नाही. पण पऱ्ह्याची (रोपांची) पेंडी कोण कशी धरते त्यावरून गावानं सातही जणी ओळखल्या. डावीकडून तिसरी तिची आई. कागद उजेडात धरला की मागची नाटकाची अक्षरं उलटी दिसतात, चिखलात रुतल्यासारखी.

दिवाळीआधी मी शहरातून एका चित्रकारांना बोलावलं. त्यांनी मुलांच्या चित्रांवरच पेन्सिल चालवली. रोवणीतल्या बायांना नाक-डोळे काढून दिले. मुलगी काही बोलली नाही, पण पुढचे दोन महिने वाचनालयात फिरकली नाही. मी शेजारीच उभा होतो आणि त्यांचा हात धरला नाही, हे अजून सलतं.

पालकांचंही समजतं मला. तिचे वडील विचारतात, "कायले इतका वेळ घालवते पोरगी? काय भेटते याच्यातून?" इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी आली तर दहावीत 7 गुण वाढतात, एवढंच उत्तर त्यांना पटतं. बारावीनंतर सीईटी देऊन नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जाता येतं, हे त्यांना फार लांबचं वाटतं.

म्हणून प्रदर्शन नागपूरच्या हॉलमध्ये नको, मंडईच्या दिवशी गावातच हवं. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, रात्री नाटक असतं. तिच्या वडिलांच्या साळ्यानं, व्याह्यानं ते चित्र पाहिलं पाहिजे.

विचारायचं आहे ते असं. मुलांच्या हाताला धक्का न लावता शिकवणारा माणूस कुठे शोधू? महिन्यातून एक रविवार आला तरी चालेल, जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण आम्ही करू. आणि उघड्यावर कागद टांगायचे तर दवाचं काय करायचं? जमलेले पैसे सगळे मिळून 3,000 आहेत.

प्रतिसाद :

दादा, मी चित्रकला शिक्षिका आहे, आता निवृत्त. तुम्ही शहराकडे बघताय, पण वडसा तुमच्या जवळ आहे. नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथेच आहेत, त्यांना पडदे कोण रंगवतं ते विचारा. त्या माणसाला लांबून काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे पक्कं कळतं. पहिल्याच दिवशी बजावा, दुरुस्ती दाखवायची तर वेगळ्या कागदावर. आणि तो आला की मुलांसोबत एखादी आई किंवा तुम्ही थांबाच, माणूस कितीही भला असो.

दवासाठी युक्ती नाही. शाळेच्या व्हरांड्यात दुपारी लावा, दिवस मावळायच्या आत उतरवा. चित्रं जाड पुठ्ठ्यावर कोपऱ्यांत अडकवा, डिंक लावू नका, तिची पोस्टरं आधीच एकदा भिंतीवरून सुटलेली आहेत. आणि ज्याचं चित्र त्यानं शेजारी उभं राहायचं.

त्या नाक-डोळ्यांचं काय झालं?

धागाकर्ता :

ताई, आभार. तिनं ते खोडरबरनं पुसले, पण बॉलपेनवर कागद जरा खरवडला गेला. तेच चित्र लावायचं म्हणते, दुसरं काढणार नाही.

येत्या रविवारी नागभीडहून रेल्वेनं वडशाला जातो. तिच्या वडिलांना सोबत येता का विचारलंय. धान चुरून झालं की येतो म्हणाले.