'लिसेन्सियादो एन ओदोन्तोलोहिया' इंग्रजीत कसं लिहू?

म्हापशातून विचारतेय. वहिनी स्पेनची डेंटिस्ट, तिच्या सर्टिफिकेटवर हेच लिहिलंय, टायपिंगवाल्याने सरळ 'लायसेन्शिएट' ठोकलं, चालेल?

— नको हो! आपल्याकडे लायसेन्शिएट म्हटलं की दंतवैद्यकाचा जुना एल.डी.एस. डिप्लोमा आठवतो, ही तर पाच वर्षांची पूर्ण डिग्री. मूळ स्पॅनिश नाव तसंच ठेवा, पुढे कंसात 'डिग्री इन डेंटिस्ट्री'. बी.डी.एस. मात्र अजिबात लिहू नका, ते भाषांतर नाही, समकक्षता झाली, ती ठरवणारे वेगळे.

— आणि नवीन कागदावर 'ग्रादो' असेल तर ग्रेड नव्हे बरं का, बोलोन्या करारानंतरची (युरोपातल्या डिग्र्या एका साच्यात आणल्या तो) डिग्री ती, ३०० क्रेडिटची. आमच्या आजोबांच्या पोर्तुगीज कागदांतही 'लिसेन्सियादु' बघून घरात सगळे लायसन्सच समजायचे 😄