लायका थ्री-एफसाठी आत सरकणारी लेन्स: एल्मार की समिटार?

काळीपांढरी:
नमस्कार मंडळी. मामांचा लायका थ्री-एफ (जुना फिल्म कॅमेरा) सर्व्हिसिंग होऊन परत आलाय. शटरचे सगळे वेग ठीक आहेत, पण लेन्स नाही. मला नळी आत सरकणारीच ५० मिमी हवी, कारण कॅमेरा जॅकेटच्या खिशात मावला तरच तो रोज बरोबर राहील. डोक्यात लायकाच्याच एल्मार ३.५ आणि समिटार २ आहेत (आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा; आकडा लहान तितका उजेड जास्त). बजेट एका चांगल्या एल्मारइतकं, फार ताणलं तर समिटार. त्याहून महाग समिक्रॉन परवडणार नाही, कृपया सुचवू नका. आयएसओ ४०० चा काळा-पांढरा रोल वापरते. माणसांचे फोटो जास्त, तेही घरातल्या उजेडात. जुनी लेन्स घेताना काय पाहायचं?

रीळवाला:
कोलॅप्सिबल, म्हणजे आत सरकणारी, समिक्रॉनच घ्या. मी आधी एल्मार घेतली, मग समिटार, आणि शेवटी समिक्रॉनवरच आलो. तीन लेन्सचे पैसे गेले. माझी सुरुवातीच्या काळातली, थोरियम हा किरणोत्सारी धातू मिसळलेल्या काचेची आहे. काच किंचित पिवळी पडलीय, पण काळ्या-पांढऱ्याला त्याने काही बिघडत नाही. अशी लेन्स आता सहज मिळायची नाही.

एफ_आठ:
समिक्रॉन नको असं त्यांनी स्पष्ट लिहिलंय हो. ताई, एल्मार घ्या. चारच भिंगं, बिघडायला आहे काय त्यात? माझी १९३६ ची आहे, काचेवर चकाकी कमी करणारं कोटिंग नाही. ऊन पाठीशी ठेवलं की आजही धारदार येते. त्रास एकच, अ‍ॅपर्चरची इवलीशी कळ पुढच्या कडेवर आहे. फिल्टर लावला की ती हलवायला नख जात नाही.

जुनीकाच:
समिटारचं माझ्याकडून ऐका. वरून लख्ख दिसली म्हणून घेतली. घरी येऊन अंधारात मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर दुधावर साय धरावी तसा थर. उजेडासमोरचा प्रत्येक फोटो राखाडी. उघडून साफ करून घेतली, थर गेला, पण काच खाल्ली गेली होती ती गेलीच. तेव्हा अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं पाहा. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका, खिडकीच्या उजेडात काढलेल्या फोटोत हा धुरकट थर, म्हणजे हेझ, दिसत नाही. शिवाय समिटारला ३९ मिमीचे नेहमीचे फिल्टर थेट बसत नाहीत. आणि लायकाच्याच समार लेन्सच्या तर वाटेलाही जाऊ नका.

काळीपांढरी:
समार मी विचारलीच नव्हती! ती का नको?

जुनीकाच:
१९३३ ची एफ २. कोटिंग नाही, आणि पुढची काच इतकी मऊ की आधीच्या मालकांनी जितक्यांदा रुमालाने पुसली तितके ओरखडे. न खरचटलेली समार मी आजवर हातात धरलेली नाही.

खिसाभर:
समार नको, +१. एल्मारलाही +१. पण आत सरकणाऱ्या लेन्सचा खरा धोका कुणी सांगितलाच नाही. थ्री-एफसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण वेगळ्या खिडकीतून बघतो, लेन्समधून नाही, त्यामुळे नळी आत राहिली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं छानच दिसतं. बहिणीच्या लग्नात माझी अख्खी ३६ फ्रेम्सची रीळ अशी गेली. धुतल्यावर नुसते ढग. तेव्हापासून कॅमेरा खिशातून निघाला की आधी नळी ओढायची, फिरवून अडकवायची आणि पुन्हा ढकलून बघायची, मगच डोळ्याला लावायचा. नळी ओढलेली असून नुसती अडकवली नसेल तरी बोटाच्या धक्क्याने आत जाते.

झोर्कीवाला:
एल्मारवर एवढा खर्च कशाला? सोव्हिएत इंडस्टार-२२ घ्या. तोच स्क्रू माउंट, तीही आत सरकते. माझी वर्षानुवर्षं चालतेय.

मोजमाप:
चालते, पण झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यावर. सोव्हिएत लेन्सची रेंजफाइंडरशी जुळणी लायकापेक्षा थोडी वेगळी असते. लांबचं बरोबर येतं, पण एक मीटरवर पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोकस सरकतो. ताईंना घरात माणसं टिपायची आहेत, म्हणजे नेमकं तिथेच.

झोर्कीवाला:
माझा कधी सरकला नाही.

मोजमाप:
एफ ८ वर, म्हणजे लहान छिद्राला, कुणाचाच सरकलेला दिसत नाही. ताई, एक लक्षात ठेवा, अशाच लेन्सवर एल्मारचं नाव कोरून विकतात. खऱ्या एल्मारमध्ये अ‍ॅपर्चरची पाती पहिल्या भिंगाच्या लगेच मागे असतात, इंडस्टारमध्ये दुसऱ्याच्या मागे. समोरून पाहिलं की कळतं.

रीळवाला:
लायकाच्या एम-५ कॅमेऱ्यावर मात्र आत सरकणारी लेन्स आत दाबू नका. उजेड मोजणाऱ्या मीटरचा दांडा शटरसमोर येतो, नळी त्यावर आदळते. लायका सीएल कॅमेऱ्यालाही तेच.

एफ_आठ:
त्यांच्याकडे थ्री-एफ आहे, त्यात मीटरच नाही. जुन्या लेन्सवरचे आकडे पाहून मात्र गोंधळू नका. ६.३ म्हणजे ५.६ पेक्षा तिसरा हिस्सा स्टॉप कमी उजेड (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), ९ आणि ८ चंही तसंच. निगेटिव्हवर कळतसुद्धा नाही.

काळीपांढरी:
सर्वांचे आभार. समार घेतली.

एल्मार बघायलाच गेले होते, शेजारी समार ठेवलेली होती. टॉर्च मारला: हेझ नाही, बुरशी नाही, पण पुढच्या काचेवर केसासारखे ओरखडे भरपूर. रोल बरोबर होता. फिल्मच्या टोकाला दहा सेंटिमीटरची जीभ कापून कॅमेऱ्याच्या तळातून भरला आणि विकणाऱ्याच्या परवानगीने दोन्ही लेन्सने थोडेथोडे फोटो काढले. घरी येऊन आजीचे काढले, खिडकीपाशी, एक मीटरवरून, एफ २ ला, शटर १/५० सेकंदावर. एल्मार असती तर १/१५ च्या आसपास उतरावं लागलं असतं, आणि आजी तेवढी स्थिर बसत नाही. तिच्या पांढऱ्या केसांच्या कडेला उजेड पसरलाय, पण पापण्या मोजता येतात. हेच हवं होतं मला. उन्हात कॉन्ट्रास्ट पडतो, ते मान्य. त्यासाठी हूड (लेन्सवर उन्हाची आडकाठी करणारी कड) शोधतेय.

जुनीकाच:
माझं मत तेच आहे. पण आता ती काच कोरड्या रुमालाने पुसू नका. टोपीही लावत जा. उन्हात लेन्स सूर्याकडे राहिली तर शटरच्या कापडी पडद्याला भोक पडतं.

एफ_आठ:
एल्मारचा ३६ मिमीचा चिमट्याने बसणारा हूड समारलाही बसतो. वेगळा शोधत बसू नका.