बखर वाचताना शब्द अडतात, दर वेळी कोश उघडायचा का?

चिंचेचं_झाड:
भाऊसाहेबांची बखर वाचायला घेतलीये. पानिपतची गोष्ट माहितीये त्यामुळे वाटलं सहज होईल, पण कसलं काय, पानापानाला अडतंय. गिलचे, बुणगे, कही, जासूद... मोबाईलवर कोश उघडला की वाचायची लय जाते आणि नाही उघडला तर अर्धं डोक्यावरून. तुम्ही अंदाजाने पुढे जाता का?

पेठेतला_वाचक:
बिनधास्त पुढे जा. गिलचे कोणाच्या बाजूने लढतायत बघा, अब्दालीच्या ना, मग अफगाणच की. बुणगे लष्कराबरोबर असतात पण लढत नाहीत, नुसतं त्यांना पोसावं लागतं, सूरजमल जाट भाऊंना सांगत होता की यांना मागेच ठेवा, म्हणजे आपले बाजारबुणगे हो! कहीवर शत्रू छापा घालतो आणि मग घोडी उपाशी मरतात, म्हणजे चारा-लाकूड आणायला जाणारी टोळी. शब्द पहिल्यांदा आला की सोडून द्या, तिसऱ्यांदा येईस्तोवर आपोआप उलगडतो.

मोडी_शिकतोय:
हे ठीक आहे पण माझ्या मते अनोळखी शब्द फार त्रास देतच नाहीत, तिथे निदान आपण थांबतो तरी. गंडवतात ते ओळखीचे वाटणारे. जासूद म्हटलं की हिंदी पिक्चरमुळे डोक्यात हेर येतो, पण जुन्या कागदांत बरेचदा तो बिचारा नुसता पत्रं पोचवणारा असतो. शिकस्त आपण प्रयत्नांची करतो, तिकडे शिकस्त म्हणजे सरळ पराभव. मौजे मजकूर म्हणजे वर सांगितलेलं तेच गाव, लिहिलेला मजकूर नव्हे. असा शब्द घेऊन आपण आरामात पुढे जातो आणि मग माणसं विचित्र वागल्यासारखी वाटायला लागतात. वाक्य जरा जरी खटकलं तर त्यातल्या सगळ्यात सोप्या शब्दावर आधी संशय घ्या.
आणि एक, मोडीत विरामचिन्हं नसायची, शब्दही सलग लिहायचे. छापील पुस्तकातले पूर्णविराम संपादकाचे, त्यामुळे कधीकधी संदर्भ पुढच्या वाक्यात सापडतो.

चिंचेचं_झाड:
अरे हे भारीये, जासूद मी हेरच धरून चाललो असतो. मग पानिपतच्या निरोपातलं ते दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्द्याची गणती नाही, त्यातला खुर्दा?

पेठेतला_वाचक:
क्रम बघा ना. मोती, मोहरा, रुपये, मग खुर्दा. किंमत उतरत आली, म्हणजे चिल्लर. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ हे मात्र नुसत्या वाक्यातून नाही कळणार, त्याला १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते माहिती पाहिजे.

सांगलीकर_ताई:
कोश लागलाच तर मोल्सवर्थ बघा. पहिली आवृत्ती १८३१ ची, पानिपतनंतर फक्त ७० वर्षांनी, त्यामुळे जुने अर्थ ताजे सापडतात. अर्थ इंग्रजीत आहेत तेवढंच. मराठीत हवा तर दाते-कर्वे. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साईटवर फुकट आहेत. मी पेन्सिलने खुणा करत जाते आणि प्रकरण संपलं की एकदम बघते, तोवर निम्म्या खुणा खोडलेल्या असतात 😄