पगार होता, पण निवांतपणा नव्हता
कुणीतरी म्हटलंय की अठराव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या पाद्र्यांना गावाच्या करातून पगार मिळायचा, म्हणजे त्यांचं आयुष्य निवांतच असणार. मला हे पटत नाही. त्याच भागातल्या मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टबरो गावचे पाद्री एबेनेझर पार्कमन घ्या. हार्वर्डमध्ये शिकलेले, १७२४ पासून १७८२ मध्ये मरेपर्यंत त्याच गावात. पदरी १६ मुलं! पगार ठरवायचा गावसभेनं, आणि कागदी चलनाची किंमत तर १७४० च्या दशकात घसरतच गेली. रक्कम वाढवून द्या म्हणून आपल्याच मंडळींपुढे बोलायचं आणि रविवारी त्यांनाच प्रवचन द्यायचं, हे किती जड जात असेल! शिवाय शेती होतीच. त्यांच्या रोजनिशीत प्रवचनं, आजाऱ्यांच्या भेटी, शेतीची कामं, सगळं एकत्रच येतं. मिळाली तर जरूर वाचा.