तामियाजवळच्या वीज नसलेल्या तंबूत आईवडिलांना घेऊन राहावे का?

धरमपेठवासी

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरहून सौंसर-छिंदवाडामार्गे मध्य प्रदेशातील तामिया या डोंगराळ गावी जाऊन दरीच्या काठावरील एका ग्लॅम्पिंग (हॉटेलसारख्या सोयींच्या) तंबूत दोन रात्री राहण्याचा आमचा विचार आहे. छायाचित्रांत तंबू फार देखणा दिसतो. लाकडी चौथरा, पलंग, गालिचा आणि मागे जोडून शौचालय आहे. मात्र तेथे तारेची वीज पोहोचलेली नाही, जे काही चालते ते सौर पॅनेल आणि बॅटरीवर. मालकांना फोनवर विचारले असता ‘सोलर आहे साहेब, काळजी करू नका’ एवढेच उत्तर मिळाले आणि खरे सांगायचे तर माझी काळजी तेथूनच सुरू झाली.

सोबत पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि आईवडील असतील. वडिलांना स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा त्रास) असल्यामुळे रात्री मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र लावावे लागते, तर आई इन्सुलिन घेते. (जाताना जामसावळीला हनुमानाचे दर्शन घ्यायचे, ही आईची अट मान्य होऊन बसली आहे, त्यामुळे बेत रद्द करणे आता घरात सोपे राहिलेले नाही.) अशा ठिकाणी राहून आलेल्यांनी, पैसे भरण्यापूर्वी नेमके काय विचारून घ्यावे, ते कृपया सांगावे.

सौरमिस्त्री

छतावर सौर यंत्रणा बसवणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. ‘सोलर आहे’ हे उत्तर म्हणजे ‘विहीर आहे’ असे सांगण्यासारखे झाले. पाणी किती हातांवर आहे आणि त्या विहिरीवर किती घरे भरतात, हे त्यातून कळत नाही. म्हणून बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे (म्हणजे तिच्यात किती वीज साठते), ती किती तंबूंना मिळून आहे आणि इन्व्हर्टर किती वॉटचा आहे, हे विचारा.

आपल्या घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॉट-अवर देते, परंतु अशी बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर बाद होते, म्हणून हिशेब ९०० चाच धरावा. सीपॅप यंत्र, त्यातील हवा दमट करणारा भाग बंद ठेवल्यास, साधारणपणे ३० ते ५० वॉट घेते. आठ तासांचे २४० ते ४०० वॉट-अवर झाले. नऊ वॉटचे दोन दिवे पाच तास लावले तर ९० आणि चार मोबाइलचे ६० धरा. एका तंबूला हे सहज पुरते, पण त्याच बॅटरीवर चार तंबू असतील तर पहाटे तीनच्या सुमारास यंत्र बंद पडेल आणि तेव्हा मालक झोपलेले असतील. हवा दमट करणारा भाग आणि गरम नळी चालू ठेवली, तर खर्च दुपटीच्याही पुढे जाऊ शकतो. तो भाग बंद ठेवून चालेल का, हे मात्र वडिलांच्या डॉक्टरांना विचारा.

किटली विसरा. १५०० वॉटची किटली लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. गेल्या हिवाळ्यात सातपुड्यातच एका ठिकाणी शेजारच्या तंबूतील पाहुण्यांनी केस वाळवण्याचे यंत्र लावले आणि पाच तंबूंची संपूर्ण रांग अंधारात गेली. शिवाय डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि सकाळी पावणेसातनंतर उगवतो, म्हणजे तेरा तास बॅटरीत एक थेंबही भरला जात नाही.

अंबाझरीची ताई

विजेइतकाच थंडीचा विचार करावा, असे मला वाटते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि उंची हजार मीटरने वाढली की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरते, त्यामुळे बऱ्याच उंचावरील तामियाला आपल्यापेक्षा चार-पाच अंश कमीच धरावेत. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता, हे आठवत असेल. त्यातही तंबू खरोखरच काठावर आहे की दरीच्या तळाशी, हे विचारा, कारण वारा पडलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली साचते आणि तळाशी काठापेक्षा अधिक गारठा असतो.

आम्ही राहिलो तेव्हा पांघरुणे भरपूर दिली होती, पण गादी पातळ होती आणि थंडी खालूनच चढत होती. शेवटी एक रजई अंगावरून काढून गादीवर अंथरली, तेव्हा कुठे झोप लागली. आम्ही ऊब राहावी म्हणून सर्व खिडक्यांच्या झडपा घट्ट बांधल्या होत्या. पहाटे मुलाचा हात कापडाला लागला आणि छताला रात्रभर धरलेले दव ओळीने उशीवर टपटपले. ते दव बाहेरचे नव्हते, आमच्याच श्वासातील वाफ होती. एक झडप चार बोटे उघडी ठेवावी.

आता सर्वांत महत्त्वाचे. रात्री तेथील मुलाने, आम्हाला थंडी वाजते हे पाहून, अगदी प्रेमाने पेटत्या कोळशांची शेगडी तंबूत आणून ठेवली. मी ती तत्काळ बाहेर नेण्यास सांगितले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला आपण गुदमरतो आहोत हेदेखील कळत नाही. झडप उघडी आहे, या भरवशावरही शेगडी आत घेऊ नये. बाहेर बसून हवा तितका शेक घ्या. आंघोळीचे पाणी मात्र बंबावर उत्तम तापते, फक्त बादली माणशी एकच मिळते.

औषधवाला

इन्सुलिनसाठी दोन रात्री फ्रीज नसला तरी बिघडत नाही. वापरात असलेले बहुतेक पेन ३० अंशांखाली सुमारे चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत डब्यातील पत्रकावर पाहावी. ते गोठता कामा नये आणि प्रवासात गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हातही राहता कामा नये. अशा ठिकाणी चुलीवरचे जेवण ‘झालेच’ म्हणता म्हणता तासभर लांबते, म्हणून जेवणाआधीचा डोस ताट समोर आल्याखेरीज घेऊ नये आणि साखर किंवा ग्लुकोज उशाशी ठेवावे. जिल्हा रुग्णालय छिंदवाड्याला, म्हणजे घाटरस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

धरमपेठवासी

सर्वांचे आभार. मालकांना पुन्हा फोन केला. १५० ची एकच बॅटरी तीन तंबूंना मिळून आहे आणि रात्री अकरानंतर ते मुख्य बटणच बंद करतात, ही गोष्ट त्यांनी विचारल्यावर सरळपणे सांगितली. विचारले नसते तर आम्हाला ती अकरा वाजून एक मिनिटाने कळली असती. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत टाकून न्यावी, असा वडिलांचा प्रस्ताव आहे. तो कितपत योग्य आहे?

सौरमिस्त्री

मुळीच नाही. ती पन्नास किलोंच्या घरातील वस्तू आहे आणि घाटाच्या वळणांवर कलंडली तर आतील आम्ल डिकीत सांडेल. नेणारच असाल तर यंत्राच्या कंपनीचा १२ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर आणि त्याला जुळणारी लहान लिथियम बॅटरी घ्या, आणि निघण्यापूर्वी एक पूर्ण रात्र ती घरीच चालवून पाहा.

धरमपेठवासी

तसे नवे सामान वडिलांवर प्रथमच दरीकाठी अजमावून पाहण्याची माझी तयारी नाही. तामिया गावातच वीज असलेली एक पक्की खोली आईवडिलांसाठी घेतली आहे. दिवसा ते तंबूवर येतील आणि अंधार पडण्याआधी मी त्यांना खोलीवर सोडून येईन. तंबूसाठी दोन जादा रजया आणि बाहेरच्या बाहेर शेगडी, एवढे ठरले आहे. अडचण आता एकच आहे. आजीच्या खोलीत गिझर आहे, हे कळल्यापासून मुलगी तंबूचे नावच काढत नाही.