मदत हवी आहे: सूड घेतला, तरी कथा संपत नाही

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. दीर्घकथा लिहितेय आणि शेवटाशी अडले आहे.

कथेतली कुसुम काटोलकडची. संत्र्याची बाग सावकारानं गिळली, नवरा त्या धक्क्यानं गेला. शेवटी ती कळमन्याच्या बाजारात सावकाराला गाठते आणि विळ्यानं मारते. लिहिताना हात थरथरत होता, पण बरंही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर पोकळ वाटलं. तो मेला, पण कुसुमचं काय झालं ते कथेत कुठंच नाही.

आपल्या शहरात अशी आठवण आहेच. १३ ऑगस्ट २००४ ला, वस्तीतल्या बायकांवर अत्याचार केल्याचे आरोप असलेल्या अक्कू यादव या गुंडाला जिल्हा न्यायालयातच बायकांच्या जमावानं ठार केलं. पोलिसांनी वर्षानुवर्षं दाद दिली नाही, म्हणून त्या बायकांचा राग समजतो. मला तो समजतो, अगदी पूर्ण. तरी कथेत तेवढंच पुरतं का?

महाभारतात अश्वत्थामा रात्री झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारतो. सूड पुरा होतो, पण गोष्ट थांबत नाही. कपाळावरचा मणी जातो आणि तो जखम घेऊन भटकत राहतो. आजी सांगायची, तो अजून तेल मागत फिरतो. आम्हाला लक्षात राहिली ती जखमच.

म्हणून विचारते: विळा उचलून कुसुम थांबली, तर तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल का? की तिनं मारावं, आणि नंतरची दोन पानं तिच्या घरातली, तिच्या मुलीच्या नजरेतून लिहू? वाचक म्हणून खरं सांगा जी, मला कठोर मत चालेल.