घरच्या कॉम्प्युटरवरचं स्पायवेअर काढलं तरी परत येतंय, काय करावं?

ऋतुजा_सातारा
नमस्कार मंडळी. साताऱ्याला आईबाबांकडे डेस्कटॉप आहे, विंडोज ११. बाबा त्यावर पेन्शनचं खातं बघतात, वीजबिल भरतात, सोसायटीचे हिशेब ठेवतात. मध्यंतरी भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टसाठी कुठल्याशा साइटवरून फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर उतरवला. तेव्हापासून क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) आपोआप बसलंय आणि ते काढायचं बटणच दिसत नाही. उजव्या कोपऱ्यात सारख्या 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' अशा पाट्या येतात. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटीव्हायरसने स्कॅनमध्ये काहीतरी पकडलं, काढलंही, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच.

कोणता अँटीव्हायरस विकत घ्यावा? जवळचा दुकानदार फॉरमॅट मारून देतो म्हणतोय. फोटो आणि हिशेबाच्या एक्सेल फायली मात्र जायला नकोत. बाबा फार धास्तावलेत, कृपया लवकर सांगा.

गारवा
अँटीव्हायरसचं नंतर बघू. आधी त्या मशीनचं इंटरनेट बंद करा, वायर काढा किंवा वायफाय तोडा. बाबांना सांगा की सगळं साफ होईपर्यंत तिथून बँकेत लॉगिन करायचं नाही.

मग मोबाईलवरून पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवर बसून बदललात तर नवा पासवर्डही चोराला मिळेल. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. गूगल खात्यात 'तुमची डिव्हाइस' अशी यादी असते, तिथून त्या कॉम्प्युटरला आणि अनोळखी असेल त्या प्रत्येकाला साइन आउट करा. हे चुकवू नका. आजकालची स्पायवेअर ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला साइटने साठवलेल्या छोट्या नोंदी, उचलतात. चालू लॉगिनची कुकी हाती लागली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

शंतनू_हेल्पडेस्क
ऋतुजाताई, गारवा यांनी सांगितलंय ते झाल्यावरच पुढचं करा.

काढलेलं परत येतं याचा अर्थ ते परत आणणारं काहीतरी मशीनमध्ये शिल्लक आहे. डिफेंडर आलेली फाइल पकडतो, पण आणणारा तसाच राहतो. तुमच्या लक्षणांवरून मला पहिला संशय क्रोमच्या पॉलिसीवर, म्हणजे ब्राउझरवर वरून लादलेल्या सेटिंगवर, आहे. ऑफिसांमध्ये सगळ्या मशीनवर एखादं एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं म्हणून क्रोममध्ये तशी सोय आहे, आणि ही मंडळी तिचाच गैरवापर करतात. म्हणूनच काढायचं बटण गायब आहे. क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' अशा अर्थाची ओळ आहे का बघा. घरच्या कॉम्प्युटरवर तिचं काही काम नाही. (काही अँटीव्हायरस स्वतःची एखादी पॉलिसी टाकतात, तेवढा अपवाद.) या पॉलिसी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगचा साठा) 'सॉफ्टवेअर – पॉलिसीज – गूगल – क्रोम' या फोल्डरमध्ये असतात. एक संपूर्ण मशीनच्या शाखेत आणि एक चालू युजरच्या शाखेत, अशा दोन्ही ठिकाणी बघावं लागतं. काही पुसण्याआधी ती शाखा एक्स्पोर्ट करून ठेवा.

पण नुसती पॉलिसी पुसून भागत नाही, रीस्टार्टनंतर ती पुन्हा लिहिली जाते. ती लिहिणारा बहुतेक वेळा टास्क शेड्युलरमध्ये (आपोआप चालणाऱ्या कामांची विंडोजची यादी) सापडतो. प्रत्येक कामाचा 'अ‍ॅक्शन्स' टॅब उघडून बघा. पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देणारं टूल) चालवणारं, किंवा अ‍ॅपडेटा नाहीतर प्रोग्रॅमडेटा फोल्डरमधली अगम्य नावाची फाइल चालवणारं काम दिसलं तर त्याचा फोटो काढून इथे टाका. नावावर जाऊ नका, 'अपडेट' हे नाव कोणीही देतं. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं 'ऑटोरन्स' हे फुकट टूल कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणारं जवळजवळ सगळं एका खिडकीत दाखवतं. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आहे, तो लावला की यादी आटोक्यात येते. संशयास्पद नोंदीची आधी फक्त टिक काढा, लगेच डिलीट नको.

आणि एक जागा लोक हमखास विसरतात: डिफेंडरची अपवादांची यादी, म्हणजे तो तपासत नाही अशा जागा. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंगमध्ये तळाशी 'एक्सक्लूजन्स' आहे. तिथे काय लिहिलंय ते नक्की कळवा.

कोपऱ्यातल्या पाट्यांचं काम सोपं आहे. एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली असणार, क्रोमच्या साइट सेटिंगमधून ती काढा. त्यातल्या कुठल्याही पाटीवर क्लिक करू नका, आणि तिथे दिलेल्या नंबरवर तर फोन मुळीच करू नका.

ऋतुजा_सातारा
खूप आभार! ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मोबाईलवरून बदलले. बाबांच्या गूगल खात्यात अनोळखी डिव्हाइस दिसलं नाही. 'तुमची संस्था' ही ओळ आहे. टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन झालं की पॉवरशेल चालवणारं एक काम आहे. आणि एक्सक्लूजन्समध्ये अख्खा सी ड्राइव्ह आहे. घरात कोणालाच ही यादी माहीत नव्हती, त्यामुळे आमच्यापैकी कोणी टाकलेला नाही.

देशमुख_इचलकरंजी
मग दुरुस्तीच्या नादी लागू नका. स्वच्छ इन्स्टॉल करा.

कारण सांगतो. डिफेंडरच्या अपवादांत काही घालायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. म्हणजे त्या कन्व्हर्टरला किंवा त्याने आणलेल्या दुसऱ्या कशाला ते मिळाले होते. असा प्रोग्रॅम सर्व्हिस बसवू शकतो, नवा युजर तयार करू शकतो, डिफेंडरला आंधळं करू शकतो. अख्खा सी ड्राइव्ह वगळलेला असताना डिफेंडरने जे पकडलं नाही त्याची यादी कोण देणार? जुन्या काळी, २००३ च्या सुमारास, कूलवेबसर्च नावाचं असंच चिवट प्रकरण होतं. तेव्हा हायजॅकधिस या तपासणीच्या टूलचे लॉग वाचत आम्ही रात्री घालवायचो. त्याचा मुख्य त्रास होम पेज पळवण्याचा आणि जाहिरातींचा होता, त्यामुळे थोडं राहून गेलं तरी चालायचं. बाबांच्या पेन्शनच्या बाबतीत 'बहुतेक गेलं असेल' हे उत्तर चालणार नाही.

शंतनू_हेल्पडेस्क
सहमत. मी सांगितलेली पद्धत जाहिरातवाल्या किरकोळ एक्स्टेन्शनला पुरते. अपवादांची यादी अशी निघाल्यावर मीही फॉरमॅटच सुचवेन.

ऋतुजा_सातारा
बरं. मग दुकानात देऊ का? आणि फायली कशा वाचवायच्या?

मीनल_व्ही
दुकानात द्यायचं तर एकच गोष्ट ठामपणे सांगा, विंडोज मूळ लायसन्सवरच टाकायची. काही ठिकाणी क्रॅक केलेली विंडोज आणि सोबत ती अस्सल भासवणारा अ‍ॅक्टिव्हेटर टाकून देतात. त्या अ‍ॅक्टिव्हेटरसाठी डिफेंडर बंद ठेवावा लागतो, म्हणजे साफ केलेल्या मशीनचं दार पहिल्याच दिवशी उघडं.

खरं तर घरीही जमेल. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घ्या आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह तयार करा. इन्स्टॉल करताना लायसन्सची की मागितली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती घ्या, होम असेल तर होम. आधीची विंडोज अधिकृतपणे अ‍ॅक्टिव्हेट झालेली असेल तर नेट जोडल्यावर आपोआप होते, कारण डिजिटल लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. विंडोज असलेल्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन पुसायचे, डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल तर तोही जाणार. म्हणून बॅकअप झाल्याशिवाय या पायरीला हात लावायचा नाही.

'रीसेट धिस पीसी'मध्ये फायली ठेवायचा पर्याय असतो, तो इथे घेऊ नका. फायलींसोबत नको ते पण राहू शकतं.

देशमुख_इचलकरंजी
बॅकअपबद्दल: नेट बंद ठेवूनच फोटो, एक्सेल, वर्ड, पीडीएफ एवढंच बाहेरच्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉलर, झिप, 'डाउनलोड्स' फोल्डर काहीही नको. आधी फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलचं एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं) दाखवायचा पर्याय चालू करा, म्हणजे पीडीएफचं नाव लावून बसलेली ईएक्सई (प्रोग्रॅमची) फाइल उघडी पडेल.

सागरवेळ
मध्येच विचारतो. आमच्याकडे कॉम्प्युटर फॉरमॅट केला तरी भलत्या साइट उघडतात, मोबाईलवरही, पण फक्त घरच्या वायफायवर. मोबाईल डेटावर सगळं ठीक. हे काय?

शंतनू_हेल्पडेस्क
सागरवेळ, तुमचा संशयित राउटर आहे. त्यातली डीएनएस सेटिंग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी) कोणीतरी बदललेली असू शकते. राउटर फॅक्टरी रीसेट करा, अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड लगेच बदला, फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. रीसेट करण्याआधी नेट कंपनीकडून लॉगिनचे तपशील घेऊन ठेवा, नाहीतर नेटच सुरू होणार नाही.

गारवा
ऋतुजाताई, बाबांच्या खात्याचं स्टेटमेंट मागे जाऊन नीट तपासा. अनोळखी व्यवहार दिसला तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

ऋतुजा_सातारा
स्टेटमेंट तपासलं, सगळे व्यवहार बाबांचेच आहेत. जीव भांड्यात पडला. शनिवारी मी आणि दादा मिळून फॉरमॅट करतोय. दोन शंका: अँटीव्हायरस विकत घ्यायचाच का? आणि क्रोममध्ये बाबांच्या खात्याने साइन इन केलं की ते एक्स्टेन्शन परत येईल का?

शंतनू_हेल्पडेस्क
विकतचा लागेलच असं नाही. डिफेंडर चालू, विंडोज अपडेट चालू आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' (डिफेंडरची सेटिंग दुसऱ्या प्रोग्रॅमला बदलू न देणारं) चालू, एवढं घरच्या वापराला पुरेसं आहे. दोन अँटीव्हायरस एकत्र टाकू नका. बाबांसाठी आणि भाच्यासाठी वेगवेगळी स्टँडर्ड (म्हणजे मर्यादित अधिकारांची) खाती करा. अ‍ॅडमिन खातं तुमच्याकडे ठेवा, त्याचा पासवर्ड भाच्याला देऊ नका.

एक्स्टेन्शन सिंकमधून (गूगल खात्यात साठवलेल्या क्रोमच्या सेटिंगमधून) परत येऊ शकतं, बरं झालं विचारलंत. नव्या विंडोजवर साइन इन केल्यावर सिंकमध्ये 'एक्स्टेन्शन्स' बंद ठेवा, बुकमार्क आले तरी चालतील. बॅकअपची डिस्क जोडली की काहीही उघडण्याआधी तिच्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. शनिवारी कुठे अडलात तर इथे लिहा, मी दुपारनंतर ऑनलाइन आहे.